चाकणचा चित्ता, इनामगावचा बैल

मंडळी, बरेच दिवसांनी लिहितोय. मध्ये रिलीजची धामधूम होती, शनिवार-रविवारसुद्धा लॅपटॉपपुढेच गेले. असो. आता जरा श्वास घेतोय, तर म्हटलं महिनाभर डोक्यात घोळतंय ते एकदाचं लिहून टाकावं.

विषय आहे चित्ता. पॉलिमर क्लेचा, लांबी साधारण वीतभर.

झालं असं की गेल्या दिवाळीत मला हे नवीन खूळ लागलं. दिवसभर जे काम करतो ते हातात धरता येत नाही, म्हणून काहीतरी हाताला लागेल असं करावं असं कधीपासून वाटत होतं. मग तार आली, पक्कड आली, क्लेची रंगीत पाकिटं आली, आणि स्वयंपाकघरातल्या ओव्हनला हात लावायचा नाही अशी घरून सक्त ताकीद मिळाल्यामुळे एक वेगळा छोटा ओव्हनही आला. (ताकीद बरोबरच होती, ते पुढे येईलच.) तारेचा सांगाडा केला, त्यावर ॲल्युमिनियम फॉइल दाबून अंग भरलं, वर क्लेचा थर दिला, सुईनं केसाळ पोत काढला आणि ठिपके रंगवले. चिंचवडच्या आमच्या दोन खोल्यांत चित्ता अवतरला! मी जाम खूश.

मग आठ वर्षांचा भाचा आला. त्यानं चित्ता हातात घेतला, फिरवून बघितला आणि म्हणाला, "मामा, बिबट्या मस्त झालाय."

"अरे, चित्ता आहे तो."

"चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ असते. आणि त्याचे ठिपके भरीव असतात. तू फुलं काढलीयेस. आणि पोट बघ केवढं!"

पूर्ण कोड रिव्ह्यू तीन वाक्यांत. पठ्ठ्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. मी इंटरनेटवरचे फोटो बघूनच काम केलं होतं, पण त्यातले अर्धे फोटो बिबट्याचे होते आणि मला फरक कळलाच नव्हता. दोन्ही जनावरं मी आयुष्यात धड पाहिलेली नाहीत.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला. माणूस मातीतून, मेणातून, प्लास्टिकमधून जनावर घडवतो तेव्हा ते बघून केलंय की ऐकून केलंय, हे ओळखायचं कसं? आणि त्यानं काय फरक पडतो?

आधी या क्लेविषयी थोडं, कारण नावामुळे घोटाळा होतो. पॉलिमर क्लेमध्ये माती बहुधा नसतेच. आपल्या घरातले प्लंबिंगचे पाइप ज्याचे असतात ते पीव्हीसी, अगदी बारीक कणांच्या रूपात, आणि त्याला मऊ ठेवणारं तेलासारखं एक द्रव्य. हवेत ठेवलं तर ही क्ले वाळत नाही, कारण उडून जायला तिच्यात पाणीच नसतं. ११० ते १३० अंशांवर अर्धा तास ठेवली की कण ते द्रव्य शोषून फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि वस्तू कायमची घट्ट होते. तापमान फार वाढलं तर क्ले करपते आणि हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू निघतो. म्हणून वेगळा ओव्हन.

हिचा जन्म बाहुल्यांच्या घरातला. जर्मनीत केटे क्रुझे नावाची प्रसिद्ध बाहुलीकार होती. बाहुल्यांची डोकी करायला तिला नवं काही हवं होतं. असं एक प्लास्टिकचं मिश्रण हाती आलं, पण कारखान्याच्या कामाला ते जमेना, म्हणून ते तिच्या मुलीकडे गेलं. मुलीचं नाव सोफी, घरचं नाव फिफी. तिनं ते सुधारलं, विकायला सुरुवात केली. १९६४ साली एबरहार्ड फेबर या कंपनीनं तिच्याकडून ते घेतलं आणि 'फिमो' हे नाव जगभर गेलं. आज फिमो श्टेडलर कंपनीकडे आहे. हो, शाळेतल्या निळ्या-काळ्या पेन्सिलीवाली तीच. तिचं मुख्य ठाणं न्यूरेंबर्ग. हे गाव लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

बघून की ऐकून, याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण याच न्यूरेंबर्गचं आहे, आणि त्याची सुरुवात आपल्या शेजारी गोव्यात होते.

गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशहा यानं पोर्तुगीजांचा गव्हर्नर अल्बुकर्क याला एक जिवंत गेंडा भेट दिला. हे धूड गोव्यात ठेवणार कुठे? अल्बुकर्कनं ते आपल्या राजाकडे पाठवून दिलं. १५१५ च्या जानेवारीत गेंडा जहाजावर चढला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात कोणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता. तिथून कुणीतरी एक पत्र आणि एक कच्चं चित्र न्यूरेंबर्गला धाडलं. ते आलब्रेख्त ड्यूरर या चित्रकारानं पाहिलं आणि त्यावरून लाकडी ठशाचं चित्र केलं. ड्यूररनं स्वतः गेंडा कधीच पाहिला नाही. त्यामुळे त्याच्या गेंड्याच्या अंगावर चिलखतासारखे पत्रे आहेत, पाय खवल्यांचे आहेत आणि खांद्यावर एक जास्तीचं छोटं शिंगसुद्धा आहे. बिचारा खरा गेंडा पोपला भेट म्हणून निघाला आणि १५१६ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला. चित्र मात्र तरलं. पुढची दोनशेहून जास्त वर्षं युरोपातली पुस्तकं तोच चिलखती गेंडा छापत राहिली.

म्हणजे बघा, कारागीर जगातला सर्वोत्तम, रेघ न् रेघ जिवंत, आणि जनावर चूक. हाताची सफाई आणि नजरेची माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्याकडे तर दोन्हींची बोंब :-)

आता आपल्याकडचा गेंडा. अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ साली तिथे एक गावकरी झाडाचं मूळ खणत होता. त्याला चार धातूच्या वस्तू सापडल्या: बैल जुंपलेला रथ, हत्ती, म्हैस आणि गेंडा. चारही भरीव, सगळ्यांचं मिळून वजन ६० किलोच्या वर. रथात माणूस उभा आहे, आणि रथाच्या दांडीवर चक्क एक कुत्रा. मेणाचं जनावर करायचं, त्यावर माती लिंपायची, तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, अशी ही जुनी रीत. म्हणजे मूळ जनावर घडलं ते बोटांनी दाबता येणाऱ्या मऊ मेणातच.

या वस्तूंच्या काळावरून तज्ज्ञांत वाद झाला. उत्खनन करणाऱ्यांनी त्या उत्तर-हडप्पा काळातल्या, इसवी सनापूर्वी २००० च्या आसपासच्या धरल्या. काहींनी धातूतल्या आर्सेनिकचं प्रमाण बघून शंका घेतली. तो वाद आपण बाजूला ठेवू. मला विचार करायला लावलं ते गेंड्यानं. आज महाराष्ट्रात रानात एकही गेंडा नाही. मग ज्यानं हा केला त्यानं गेंडा पाहिला होता का? प्रवरेकाठी? की दुसरीकडे कुठे? की वस्तूच दुसरीकडून आली? मूर्ती सापडली म्हणून जनावर तिथे होतंच असं छातीठोक म्हणता येत नाही. उद्या चिंचवडमध्ये माझं बिऱ्हाड जमिनीखाली गेलं आणि दोन हजार वर्षांनी कुणी खणलं, तर पीव्हीसीचा चित्ता निघेलच (प्लास्टिक ते, जातंय कुठे). आणि तो बघून कुणी लिहिलं की पवनेच्या काठी एकविसाव्या शतकात जाड पोटाचे चित्ते फिरत, तर काय घ्या!

याच्या बरोबर उलट गोष्ट आहे इनामगावची. पुण्याहून पूर्वेला साधारण ९० किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी हे गाव आहे. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून पुढे बारा-पंधरा वर्षं तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातल्या शेतकऱ्यांची सव्वाशेहून जास्त घरं तिथे उजेडात आली. त्यातल्या एका घराच्या जमिनीखाली मातीचं झाकणाचं पात्र मिळालं, आणि त्याच्यासोबत डोकं नसलेली स्त्रीमूर्ती आणि एक बैल. सगळं कच्च्या मातीचं, न भाजलेलं.

गंमत पुढे आहे. मूर्तीच्या पोटाशी एक भोक आहे आणि बैलाच्या पाठीवरही एक भोक आहे. दोन्हींत काडी घातली की बाई बैलावर स्वार होते. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी बसून विचार केला की ओली माती नुसती चिकटवली तर सुटेल, आत काडी पाहिजे. माझ्या टेबलावर जी तार आहे, तीच ही युक्ती. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आणि हा बैल ऐकीव नाही. इनामगावच्या खोदकामात गुराढोरांची हाडं भरपूर मिळाली आहेत. ज्यानं तो वळला त्याच्या दारात बैल बांधलेला असणार. त्यानं बारकावे काढले नाहीत, सुईनं केस कोरले नाहीत, पण त्याला बैल माहीत होता. आज आपल्या खेड, मावळ, जुन्नर भागात भाद्रपदी अमावास्येला पोळा होतो, आणि ज्यांच्या दारात बैल उरला नाही ते बाजारातून मातीची जोडी आणून पुजतात. पिंपरीच्या बाजारात मीही पाहिल्यात. इनामगावची देवी आणि आपला पोळा एकच, असं मी म्हणत नाही. मातीचा बैल करून घरात जपायची सवय मात्र या मातीत फार जुनी आहे, एवढं नक्की.

आता बघून केलेल्या कामाचा आधुनिक नमुना. अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार वि. पां. ऊर्फ नानासाहेब करमरकर यांचं घर आणि संग्रहालय आहे. जन्म १८९१, तिथलाच. लहानपणी त्यांनी देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. ते ऑटो रॉथफिल्ड या इंग्रज कलेक्टरनं पाहिलं आणि पोराला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये पाठवायची व्यवस्था केली. पुण्यातल्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच, १९२८ सालचा, एकसंध ओतलेला. पण सासवण्याला गेलात तर महाराजांइतकीच लक्षात राहते ती म्हैस. कुणी महाराजा नाही, पुढारी नाही, आपली साधी म्हैस. पाठीचा कणा, पोटाचा भार, मानेचा बाक... सगळं असं की आत्ता रवंथ सुरू करेल. लंडनला जाऊन शिकून आलेल्या माणसानं गावची म्हैस इतक्या आदरानं घडवावी, हे मला फार आवडलं.

आता येऊ आपल्या चाकणला, कारण आपल्या पट्ट्यातही एक चित्ता घडलाय.

गाड्यांचा आकार आजही आधी क्लेमध्ये घडवतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ही क्ले वेगळी: मेण, तेल आणि भुकटी. माझी क्ले गरम केल्यावर घट्ट होते, ही गरम केल्यावर मऊ होते. साधारण ६० अंशांना तापवून सांगाड्यावर थापायची, गार झाली की पात्यांनी तासायची. अमेरिकेत जनरल मोटर्सनं १९२७ मध्ये हार्ली अर्ल याला डिझाइन विभागाचा प्रमुख केलं, आणि त्यानं ही पद्धत रुळवली. कॉम्प्युटरवर सगळं दिसतं, तरी आजही पूर्ण आकाराची गाडी क्लेमध्ये करून तिच्याभोवती फिरून बघतात. हाताचा तळवा फिरवला की जो फुगवटा लागतो तो स्क्रीनवर लागत नाही, असं या क्षेत्रातला माझा एक मित्र सांगतो.

२०११ साली महिंद्रनं एक्सयूव्ही ५०० बाजारात आणली. ती बनायची चाकणच्या कारखान्यात, आणि डिझाइन चित्त्यावरून घेतलंय असं कंपनीनंच सांगितलं होतं: झेप घ्यायच्या पवित्र्यातले चाकांवरचे फुगवटे, पंजासारख्या दाराच्या मुठी. २०२१ पर्यंत ही गाडी निघत होती. म्हणजे तब्बल दहा वर्षं चाकणहून चित्ते बाहेर पडत होते आणि त्या सगळ्या काळात भारताच्या रानात एकही चित्ता नव्हता!

'चीता' हा इंग्रजी शब्द आपल्याकडून गेलेला. मूळ संस्कृत चित्रक, ठिपक्यांचा. शेवटचे तीन रानटी चित्ते १९४७ च्या सुमारास आजच्या छत्तीसगडमध्ये मारले गेले, आणि १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. त्याआधी आपल्या कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळत. इथले मिळेनासे झाल्यावर आफ्रिकेतून मागवत. या शिकारीत चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी घालून त्याला बैलगाडीतून न्यायची पद्धत होती, कारण काळवीट बैलगाडीला बुजत नसे. चित्त्याला शिकारीपर्यंत पोचवणारा बैलच! पुढे १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनोला आणले, तो अध्याय अजून चालू आहे.

आणि त्याच वर्षी मार्चमध्ये चाकणला मर्सिडीझ-बेंझच्या कारखान्यात खराखुरा बिबट्या शिरला होता. वनखात्यानं काही तासांनी त्याला सुखरूप पकडलं. आम्ही आफ्रिकेतल्या मांजराचे फोटो शोधत बसलेलो, आणि जुन्नर-खेडच्या उसातलं मांजर स्वतःच मॉडेल म्हणून गेटातून आत! :-)

तर हे सगळं वाचून झाल्यावर मी चित्ता कपाटावर ठेवला आणि ठरवलं, आता असं काही करायचं जे मला जाऊन बघता येईल. बैल करायचा. खिल्लार.

माझ्या ऑफिसातल्या मित्राचं गाव चाकणजवळ आहे. त्याच्या वडिलांना सगळे आबा म्हणतात. जमीन बरीचशी एमआयडीसीत गेली, उरलेल्यात ट्रॅक्टर चालतो. पण गोठ्यात एक बैलजोडी आहे, घाटासाठी. घाट म्हणजे बैलगाडा शर्यतीचा. २०१४ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं शर्यतींवर बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात अटींवर परवानगी दिली आणि २०२३ च्या मेमध्ये घटनापीठानं कायदा ग्राह्य धरला. जनावराचे हाल होतात हे म्हणणारेही चूक नाहीत, असं मला वाटतं. पण त्या सात वर्षांत शर्यत नाही म्हणून बैल विकले, असे लोक आबांच्या गावात आहेत.

मी माझा कच्चा, न भाजलेला बैल डब्यात घालून घेऊन गेलो. आबांनी तो तळहातावर धरला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"कुठला बैल बघून केलास?"

"फोटो बघून, आबा. नेटवरचे."

"म्हनूनच. फोटूत बैल एका बाजूनंच उभा असतो. मागनं बघितलाय का कधी?"

मग ते मला गोठ्यात घेऊन गेले आणि पाऊण तास क्लास घेतला. वशिंड म्हणजे पाठीवर ठेवलेला दगड नव्हे, बैलानं मान खाली घातली की त्याचा आकार बदलतो. खिल्लाराची गळ्याखालची पोळी आखूड असते, मी गीरसारखी लोंबती केली होती. शिंगं बुडाशी जवळजवळ निघतात, मागे जातात आणि मग वर वळतात. मला म्हणाले, "हात लाव. नुस्तं बघून नाही कळायचं." लावला. वशिंड गरम होतं आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच घट्ट. बैलानं कान हलवला. बास.

निघताना आबा सहज म्हणाले, "माझ्या नातवाला गाडीचं समदं मॉडेल तोंडपाठ. बैलाचं वय दातावरनं सांगता येत नाही त्याला. त्याचंबी चूक नाय म्हना. दाखवायला बैल तरी कुठंत?"

घरी येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात होतं. इनामगावच्या माणसाला बैल करायला फोटो लागला नाही. करमरकरांना म्हैस बघायला कुठे जावं लागलं नसणार. माझी पिढी हाताला सफाईदार असेल, साधनं तर काय विचारूच नका, पण समोर ठेवून बघायची जनावरंच एकेक करून फोटोत चाललीयेत. मग आपण सगळे ड्यूररच. बाहेरून आलेल्या पत्रावर गेंडा काढणारे.

पॉलिमर क्लेचा एक मोठा गुण मात्र आता पटलाय. भाजेपर्यंत ती वाळत नाही. महिना गेला, दोन महिने गेले तरी चूक दुरुस्त करता येते; एकदा भाजली की संपलं. म्हणून बैल सध्या डब्यात आहे. वशिंड काढून पुन्हा बसवलंय, आत तार बदललीये, पोळी कापलीये. पुढच्या रविवारी भाच्याला घेऊन आबांकडे जाणार आहे. ते 'हां' म्हणाले की मगच ओव्हन लावायचा.